कडीपासून मोजलेलं पाणी

प्रिय अण्णा,

तुम्हाला लांब पत्र लिहायची मला सवय नाही. हॉस्टेलला होते तेव्हा चार ओळींचं कार्ड टाकायचे आणि तुम्ही म्हणायचात, "यापरीस तार केली असती तरी भागलं असतं." आज चार ओळींत भागणार नाही. तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली. आज सकाळी मी त्या भूजलवाल्या प्राध्यापक सरांच्या विभागात बसले होते आणि त्यांच्या फायलीत तुमच्या हातचं पोस्टकार्ड निघालं. त्यातलं एक वाक्य वाचल्यापासून माझा राग शांत होत नाही. तो कुणाकुणावर आहे ते सांगते, म्हणजे निदान तुम्हाला तरी हिशेब लागेल.

पहिला राग तुमच्यावरच आहे. तुम्ही ओरडला का नाहीत?

तुम्ही ग्रामपंचायतीचे पाणीवाले. सकाळी सायकलवरून विहिरीवर जायचं, मोटार चालू करायची, टाकी भरायची, मग एकेका आळीचे व्हॉल्व्ह फिरवायचे, शेवटी आपल्या वस्तीचा. आपला नंबर शेवटचा का, हे मी लहानपणी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "पाइप तसा टाकलाय." कुणी टाकला, ते मी विचारलं नाही.

मोटार सुरू करायच्या आधी तुम्ही पाणी मोजायचात. दोराला अर्ध्या किलोचं जुनं वजन बांधलेलं, दर फुटावर गाठ, दर पाच फुटांना रंगीत चिंधी. वजन पाण्याला टेकलं की 'डुबुक' असा आवाज यायचा. तुम्ही गाठ बघायचात, पाणी किती फूट खाली आहे तो आकडा वहीत लिहायचात. कॅनॉलला आवर्तन असेल, म्हणजे पाणी सोडलेलं असेल, तर समोर फुली. हे कुणी सांगितलं नव्हतं. पाणी कमी असताना मोटार जास्त चालली तर ती हवा ओढेल, जळेल, एवढंच कारण. पण एकही सकाळ चुकली नाही. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीचाही आकडा आहे वहीत. निकाल नाही.

मग मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन पुण्याच्या त्या स्टुडिओत लागले. प्राध्यापकांना बोलवून त्यांच्याशी चालू संशोधनावर गप्पा मारायचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम आम्ही रेडिओसाठी करायचो. एक आठवडा विज्ञान, एक आठवडा अर्थशास्त्र. मी काचेच्या अलीकडे बसायचे, आवाजाची पातळी सांभाळायचे आणि नंतर नको ते कापायचे.

त्या कार्यक्रमाचे तुमच्याइतके पक्के श्रोते कुणी नव्हते. न्हाव्याच्या दुकानात दर गुरुवारी रेडिओ लावायला लावायचात. मुंग्यांवर काम करणारे सर, कांद्याच्या भावावर काम करणाऱ्या बाई, कुणालाही तुम्ही सोडलं नाहीत. मी घरी आले की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "त्यांनी मोजलं कशापून?" मुंगी किती लांब जाते म्हणाले, तर कशापासून? गरिबी कमी झाली म्हणाले, तर कशापासून? मला तेव्हा हसू यायचं. आई म्हणायची, "ह्यांना परोफेसर करा, गावाला एक दीस पानी मिळायचं न्हाई."

आता ज्या दिवसाचा सगळा प्रश्न आहे, त्याकडे येते.

भूजलवाले सर आणि अर्थशास्त्राच्या बाई मिळून काहीतरी नवं करत होते. विहिरींचं पाणी आणि गावाने स्वतः केलेले नियम यांचा संबंध. त्यांना लांब काळाच्या नोंदी हव्या होत्या. अशा नोंदी सरकारी दप्तरातही मिळेनात. मी काचेमागून म्हणाले, "दौंडकडे एक पाणीवाले आहेत. त्यांच्याकडे रोजच्या आहेत."

एक पाणीवाले. असं म्हणाले मी, अण्णा.

घरी येऊन तुम्हाला समजावलं की तुमची मुलगी म्हणून कुणाला सांगू नका. कारणही नीट दिलं. आपल्याच माणसाचं नाव पुढे केलं तर नोंदींवर संशय घेतील, हितसंबंध म्हणतील. कारण चूक नव्हतं. पण ते खरं कारण नव्हतं, आणि हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही फक्त विचारलंत, "मग तुला म्हनू काय?"

"मॅडम म्हणा."

आणि तुम्ही म्हणालात! तीन तास, सरपंचांच्या अंगणात. त्यांनाही मी आधीच सांगून ठेवलं होतं. "मॅडम, वायर पायात येतीया." "मॅडम, च्या घ्या, बिनसाखरेचा हाय का बघा." आई मागच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. हसत होती की काय, ते मी पाहिलं नाही.

सर आणि बाई सरपंचांच्या अंगणात खुर्च्यांवर बसले. तुमच्यासाठी खुर्ची आली नाही आणि तुम्हीही मागितली नाहीत. तुम्ही उभ्यानेच अठरा वह्या एकेक करून दाखवल्या. सरांनी यंत्राविषयी काही सांगितलं, तर तुम्ही विचारलंत की त्यांच्या यंत्रात किती फरक धरतात. सर हसले. बाईंनी लिहून घेतलं. सरपंचांनी मध्येच सांगितलं की गावाने ठराव करून विहिरीभोवतीच्या शेतीच्या मोटारींना वेळ ठरवून दिली आहे. तुम्ही पुढची वही उघडलीत. ठराव झाला त्या रात्रीपासूनच तो कुणी पाळला नव्हता, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या वस्तीतल्या बायका कॅनॉलवर हंडे घेऊन जात होत्या, हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण विहिरीवर गेलो. ठराव झाला त्याच वर्षी विहिरीत वासरू पडलं होतं, म्हणून पंचायतीने कठडा अडीच फूट वाढवला होता. ते नवं सिमेंट पाहून सरांनी मान हलवली आणि वहीत काही टिपलं. मग ते जीपकडे गेले, पाण्याची बाटली राहिली होती. बाईही त्यांच्यामागे गेल्या. तुम्ही दोर सोडलात आणि माझ्या रेकॉर्डिंगच्या मशीनकडे तोंड करून बोललात. आपण दोघंच होतो.

काही महिन्यांनी सर आणि बाई स्टुडिओत आले, निष्कर्ष घेऊन. सर म्हणाले, कठडा वाढवल्याचं त्या कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं नसावं, म्हणून आम्ही ती दुरुस्ती करून घेतली. म्हणजे तुम्ही नव्या कठड्याच्या माथ्यापासून मोजता असं धरून त्यांनी त्या वर्षानंतरच्या प्रत्येक आकड्यातून अडीच फूट वजा केले. कागदावर विहिरीचं पाणी एकाएकी अडीच फूट वर आलं. ठरावाच्याच वर्षी! बाईंना हवं ते मिळालं. गाव स्वतः नियम करतं तेव्हा पाणी वाढतं, त्या म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, अशा लोकांकडे शास्त्र नसतं, पण चिकाटी असते.

शास्त्र नसतं! मोजण्याची जागा आयुष्यभर न बदलणाऱ्या माणसाकडे शास्त्र नसतं, आणि ती जागा न विचारता आकडे बदलणाऱ्यांकडे असतं?

माझं बोट आत बोलायच्या बटणावर होतं. दाबलं असतं तर मला काय माहीत आहे आणि कसं माहीत आहे, दोन्ही सांगावं लागलं असतं. मी पातळी सांभाळली.

गुरुवारी तुम्ही न्हाव्याच्या दुकानात बसून ते ऐकलंत, मध्ये वाजलेला तुमच्या मुलाखतीचा तुकडाही. त्याने म्हणे विचारलं, "अन्ना, तुमचं नाव कवा यायचं?" आणि तुम्ही म्हणालात, "नावाचं काय लोनचं घालायचंय? आकडं येऊ दे." आकडे आले. त्या संध्याकाळी तुम्ही यवतला जाऊन बूथवरून मला फोन केलात. कार्यक्रम चांगला झाला म्हणालात. आवाज साफ होता म्हणालात. मग म्हणालात, "त्या साली पानी वाढलं न्हाई, सुजे. त्या साली आपल्याकडं टँकर आल्ता."

मी म्हणाले, "जाऊ द्या अण्णा. रेडिओचं कोण लक्षात ठेवतं."

"रेडिओचं न्हाई. पर ते कागदावर गेलं आसंल."

कागदावरचं कोण वाचतं, असंही मी म्हणाले. त्यानंतर तुम्ही हा विषय माझ्याकडे काढला नाहीत. सरांना कार्ड टाकलंय, एवढंच एकदा आईकडून कळलं. उत्तर आलं नाही, हेही तिच्याकडूनच. माझ्या मनात राग साचला तो सरांवर. समोर उभा राहून माणूस सांगतो आणि या विद्वानांना ऐकू येत नाही! पाच वर्षं मी हेच धरून चालले होते. ते सोयीचं होतं.

तुम्ही गेलात त्या सकाळचीही वहीत नोंद आहे. आकडा आहे, फुली नाही. तो पिवळ्या चिंधीचा दोर मी ट्रंकेत ठेवला आहे.

आता ताईचं ऐका. तिच्या सासरी, शिरूर तालुक्यात, त्यांच्या वस्तीने दुसऱ्या विहिरीसाठी अर्ज केला होता. गेल्या महिन्यात तो परत आला. शेरा असा की शेजारच्या तालुक्यातला अनुभव पाहता आधी उपशाचे नियम करा, मग विहिरीचं बघू. ताईने फोनवर विचारलं, "दौंडात आसं कुठलं गाव हाय गं, जिथं नुसता ठराव केला आन् पानी वाढलं? अन्ना आस्ते तर त्यांना ठावं आस्तं." मी तिला काही सांगितलं नाही. कागदावरचं कोण वाचतं, त्याचं उत्तर मिळालं होतं.

आणि काल सर पुन्हा स्टुडिओत आले. आता ते मोठे झाले आहेत, केस पिकले आहेत, बोलणं आणखी शांत झालं आहे. विषय तोच, पुढचा टप्पा. शिरूरच्या गावांसाठी दौंडचा धडा. ते तुमचे आकडे सांगू लागले आणि या वेळी मी बटण दाबलं.

दाबलं, आणि म्हणाले काय? "सर, पातळी जरा खाली गेली. शेवटचं वाक्य पुन्हा घ्याल का?"

त्यांनी घेतलं. तीच चूक, आधीपेक्षा स्पष्ट उच्चारात. मी ती उत्तम ध्वनिमुद्रित केली. स्वतःवर इतकी चिडले नव्हते मी कधी.

काल संध्याकाळी मूळ कॅसेट शोधली. न कापलेली, पूर्ण. त्यावर माझ्याच अक्षरात गावाचं नाव आहे. विहिरीवरचा भाग ऐकला आणि सकाळी ती कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन सरांच्या विभागात गेले. भांडायला गेले होते. काय काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. मी म्हणाले, तुम्हाला समोर सांगितलं होतं, तरी तुम्ही आकडे बदललेत.

सर म्हणाले, "मला कुणीही सांगितलेलं नाही."

मी बटण दाबलं. अकरा सेकंद. तुमचा आवाज आला: "आन् हे बघा, म्या कठड्यापून मोजत न्हाई. कठडा आज हाय, उद्या सरपंच बदलला की पाडत्याल. ही मोटंच्या टायमाची कडी दगडात बसवल्याली हाय, ती हलायची न्हाई. सुजे, दोर धर." आणि मग 'डुबुक'.

सरांनी ते तीनदा ऐकलं. मग उठून कपाटातून फाइल काढली, तिच्यातली टाइप केलेली मुलाखत माझ्यापुढे ठेवली. तिच्यात हे वाक्य नव्हतं. "आम्ही यावर काम केलं. हे तुमच्या स्टुडिओनेच पाठवलं होतं," ते म्हणाले. "मी तेव्हा तिथे नव्हतो. जीपपाशी होतो बहुतेक."

होतेच. मला आठवलं. ती मुलाखत मी कापलेल्या टेपवरून टाइप केली होती. कोपऱ्यात माझी आद्याक्षरं होती.

तरी मी सोडलं नाही. म्हणाले, विहिरीच्या नव्या कठड्याला वीतभर भोक आहे, ते तरी पाहिलं होतं ना? दोर कडीपर्यंत सरळ जावा म्हणून पाणीवाल्यांनी गवंड्यापाशी उभं राहून ते ठेवून घेतलं होतं.

"पाहिलं होतं. मला वाटलं, पाणी निघून जायला ठेवलं असेल."

"विहिरीच्या कठड्याला? पाणी निघून जायला?"

त्यांचे कान लाल झाले. खरं सांगते, मला बरं वाटलं. ते तेवढंच टिकलं. कारण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तो तुमच्याच जातीचा प्रश्न होता. सरळ.

"आवाज स्वच्छ आहे. वाक्य महत्त्वाचं आहे. मग हे गाळलं का?"

अण्णा, आदल्या दिवशी तुम्ही तीन तास मला मॅडम म्हणालात आणि विहिरीवर एकदाच चुकलात. दोर हातात होता, वजन खाली गेलं होतं, आणि लहानपणापासून त्या क्षणी जे म्हणत आलात तेच म्हणालात. सुजे, दोर धर. मी स्टुडिओत टेप कापताना ते तीन शब्द ऐकले आणि कुणी ऐकू नये म्हणून काढून टाकले. नुसते तीन शब्द काढले असते तर तुकडा तुटक वाटला असता. म्हणून आधीचं वाक्यही काढलं. सांधा इतका सफाईदार होता की वरिष्ठांनी पाठ थोपटली.

ते वाक्य तिथे होतं, हे मी विसरले नव्हते. फक्त ते काढलं मी आणि दोष दिला त्यांना.

सरांना म्हणाले, "त्यात माझं नाव होतं. ते माझे वडील."

मोठ्याने, परक्या माणसासमोर हे वाक्य मी पहिल्यांदा म्हटलं. तुम्ही जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

सरांनी पुन्हा फाइल चाळली. मग त्यांनी ते कार्ड काढलं. आवक क्रमांक, शिक्का, सगळं होतं. उत्तर दिल्याची खूण नव्हती. "आलं होतं," ते म्हणाले. "मुलाखतीत नव्हतं म्हणून मी... बाजूला ठेवलं." एका माणसाच्या सहीच्या कार्डापेक्षा टाइप केलेला कागद त्यांना खरा वाटला, यावरचा माझा राग मी कमी करणार नाही. त्यांच्या वाट्याचा तो त्यांच्याकडे राहू दे.

मग मी कार्ड वाचलं. तुमचं ते सरळ, शाळेतलं अक्षर.

"सप्रेम नमस्कार. विनंती विशेष. पाणी कठड्यापासून नसून कडीपासून मोजलेले आहे, तरी आकडे आहेत तसे ठेवावे. मुलाखतीचे वेळी मी हे बोललो होतो. परंतु मोटारीच्या आवाजामुळे ते टेपमध्ये आले नसावे. त्यात मशीनवरील मॅडमची काही चूक नाही. कळावे."

मोटारीचा आवाज?

मोटार बंद होती, अण्णा. तुम्ही पाणी मोजताना मोटार कधीच चालू नसायची. आधी माप, मग मोटार. अठरा वह्यांत एकही सकाळ उलटी नाही. ज्या माणसाने ताप असताना अंदाजाने आकडा लिहिला नाही, त्याने सरांना खोटी नोंद पाठवली! का? मी काय कापलं आणि का कापलं, हे रेडिओ ऐकतानाच तुम्हाला कळलं होतं. तरी फोनवर तुम्ही मला आवाज साफ होता म्हणालात.

तुम्हाला कुणी सांगितलं होतं मला वाचवायला? माझ्यावर रागावला असतात, तर मी चिडून का होईना, टेप बाहेर काढली असती. पाच वर्षं वाचली असती. ताईचा अर्ज परत आला नसता. तुम्ही मात्र तुमचा आकडा आणि माझी नोकरी दोन्ही एकाच कार्डात सांभाळायला गेलात, आणि त्या एका खोट्यामुळे खरं वाक्यही लंगडं पडलं. आवाजात आलं नसेल म्हणतो, म्हणजे पुरावा नाही, असंच वाटलं असणार सरांना. हे तुम्हाला, तुम्हाला कळू नये?

मी आता शांतपणे लिहिते.

शनिवारी सर येत आहेत. शिरूरच्या कागदावर दुरुस्ती पाठवायच्या आधी त्यांना विहीर पुन्हा पाहायची आहे. एक वाक्य हा पुरावा होत नाही, असं ते म्हणाले, आणि ते बरोबर आहे. तुम्हीही तेच म्हणाला असतात. दोर मी नेणार आहे. मोटार बंद ठेवायला नव्या पाणीवाल्याला सांगितलं आहे. भोकातून दोर मी सोडणार, दुसरं टोक कडीपाशी सरांनी धरायचं आणि गाठ त्यांनीच वाचायची. खुर्ची मागवणार नाही. उभ्यानेच.

आणि गुरुवारच्या कार्यक्रमात ती अकरा सेकंदं जाणार आहेत. वरिष्ठांना कारण लेखी दिलं आहे, टेप कुणी कापली तेही. पुढे ते काय करतील माहीत नाही. तुमचं नाव निवेदनात आहे, लोणच्यापुरतं का होईना. 'सुजे, दोर धर' तसंच ठेवलं आहे, मागचा 'डुबुक' सुद्धा.

तुमच्या सगळ्या नोंदींत एकच खोटी निघाली, अण्णा. मोटार चालू होती, ही. ती मी दुरुस्त करते, हा शब्द देते.

मोटार बंद होती. आवाज साफ होता. चूक मॅडमची होती.

दोर धरलेली,
तुमची सुजाता